लस आधी प्राण्यांवर का तपासतात?

खताचा गुण पाहावयाचा असल्यास शेतकरी शेजारी दुसरा वाफा बिनखताचा ठेवतो. तो नसेल तर पीक खताने आले की पावसाने, हे कळत नाही. प्रयोगशाळेत लसीची परीक्षा याच न्यायाने होते. काही प्राण्यांना लस टोचतात, काहींना टोचत नाहीत. नंतर दोहोंच्या अंगी रोगजंतू घालून फरक पाहतात.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. मांसाच्या रसावर तूप तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले व उष्णतेने मारले. ही लस टोचलेले ससे जिवंत जंतूंपुढेही टिकले. तथापि सशास मानवली ती माणसास मानवेलच, असे नाही. म्हणून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, पण तो उतरला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील राजी कैद्यांना ती देण्यात आली. न टोचलेल्या कैद्यांतच रोग अधिक आढळला.

गावात लसीविषयी शंका निघाल्यास ग्रामसेवकांनी हा क्रम समजावून सांगावा. कोणी रामबाण औषध विकावयास आल्यास शेतकऱ्यांनीही प्रथम विचारावे, "दुसरा वाफा कोठे आहे?"