चार ओळींचे इंग्रजी

शिरूर व दौंड तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवरून आपल्या वसतिगृहात येणाऱ्या मुलांना इंग्रजी मुळीच येत नाही, हे म्हणणे अर्धसत्य आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे शिफ्ट, गेटपास, सुपरवायझर, ओव्हरटाइम हे शब्द त्यांच्या घरांत रोज उच्चारले जातात. दौंड जंक्शनच्या मुलाला सिग्नल आणि प्लॅटफॉर्म शिकवावे लागत नाहीत. शब्द आहेत, नाही ती अनोळखी माणसाला तत्क्षणी उत्तर देण्याची सवय.

ही उणीव वाढण्यास आम्ही शिक्षकही कारण झालो. आमच्या पिढीने इंग्रजी मुळाक्षरे पाचवीत गिरवली आणि पुढे तर्खडकरी वळणाने भाषांतर केले. सन २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, तरी शिक्षकाने वाचावे व वर्गाने मागून म्हणावे, हा परिपाठ बराचसा तसाच राहिला. आमचा एक माजी विद्यार्थी उत्तम पाठ केलेला स्वपरिचय घेऊन एका कारखान्यात मुलाखतीस गेला. ‘हाउ डिड यू कम हिअर?’ एवढेच त्यास विचारले गेले. तो एस.टी.ने गेला होता आणि ‘बाय बस’ हे दोन शब्द त्याला येत होते. पण त्याने पुन्हा ‘माय नेम इज’पासून आरंभ केला. हे त्याने आम्हास हसत सांगितले. आम्हास हसू आले नाही.

तेव्हापासून आम्ही छोट्या संवादांकडे वळलो. संवाद चार-सहा ओळींचाच असावा आणि प्रसंग मुलांच्या परिचयाचा असावा. ‘एक्स्क्यूज मी, इज धिस द ट्रेन फॉर पुणे?’ ‘यस, बट इट्स लेट.’ ‘हाउ लेट?’ ‘टेन मिनिट्स.’ प्रथम पुस्तक व फळा दोन्ही बंद ठेवून तो दोनदा ऐकवावा. नंतर अर्थ, मग सामूहिक उच्चार, मग जोड्या. ‘हाउ लेट’ हे दोन शब्द सुटे न शिकवता एका श्वासात म्हणवून घ्यावेत. बोलताना आपण मराठीही सुटीसुटी बोलत नाही.

खरा भाग पुढेच आहे. फळ्यावरील संवादातील एकेक शब्द पुसत जावे आणि मुलांनी प्रत्येक वेळी तो पूर्ण म्हणावा. फळा कोरा झाला की पाठांतर झाले. परंतु स्नेहसंमेलनात टाळ्या मिळवणारे हे पाठांतर म्हणजे बोलणे नव्हे. म्हणून एका मुलाच्या हाती वेळापत्रकाची चिठ्ठी द्यावी आणि दुसऱ्यास ती दिसू देऊ नये. आता विचारल्याशिवाय गाडी कळणार नाही, आणि उत्तर काय येईल हे विचारणाऱ्यास ठाऊक नाही. येथे मुले अडखळतात, आणि अडखळू द्यावीत. चुका मध्येच दुरुस्त करू नयेत. टिपून ठेवून शेवटी सर्वांसमोर, नाव न घेता सांगाव्यात. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ हे वाक्य मात्र पहिल्याच आठवड्यात द्यावे. न समजणे हा गुन्हा नसून पुन्हा विचारता येते, हे त्यातून कळते.

मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांतील निवड करताना मूल समोरच्याचा दर्जा मनात मोजत असते. आजच्या इंग्रजीत त्या तिघांस एकच ‘यू’ आहे. तहसीलदारासही तेच, चहावाल्यासही तेच. आदर ‘कुड’ आणि ‘प्लीज’ यांतून व्यक्त होतो. ही गोष्ट सांगितली की आमच्या वर्गात नेहमी थोडी कुजबुज होते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हास संवाद हे साधन परके वाटत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ राजा मिलिंद आणि भदन्त नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांतून उलगडतो. महात्मा फुले यांची १८७३ मधील ‘गुलामगिरी’ जोतीराव आणि धोंडिबा यांच्या बोलण्यातून. पण आम्हास अधिक आठवते ते १९०१ मधील मसूर रेल्वे स्थानक. चांगल्या पोशाखातील बालभीम व त्याच्या सोबतच्या मुलांची स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली आणि ते कोण हे कळताच त्याचा चेहरा पालटला. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे इंग्रजीतच लिहून ठेवला.

आजही ‘व्हॉट्स युवर फुल नेम?’ या प्रश्नावर आमची काही मुले आडनाव ओठांत गिळतात. म्हणून हा संवाद आम्ही वर्षभर घेतो, वर्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आडनाव स्पष्ट ऐकू येईपर्यंत. उच्चार सुधारण्याचा तो उत्तम सराव आहे, असे आम्ही मुलांना सांगतो. ते खोटे नाही.

मेळाव्यास येणारे माजी विद्यार्थी व पालक यांना एक विनंती. इंग्रजी येत असल्यास मुलांपुढे भाषण न करता तिकीट खिडकीवरील कारकून किंवा मुलाखत घेणारा अधिकारी व्हावे आणि साधा प्रश्न विचारावा. मूल गप्प राहिल्यास लगेच मराठीत उत्तर सुचवू नये. मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. बहुधा सातव्या-आठव्या आकड्यास उत्तर येते.