काचेतले बेडूक आणि अंगणातले पाहुणे

"बेडूक पाळता येतो का हो?" असे कुणी विचारले, की मी आधी माझी फजिती सांगतो.

पावसाळ्यात ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पायथ्याशी डबकी साचतात. तिथून माझ्या नातीने बरणीभर बेडूकमासे आणले. आम्ही ते मोठ्या थाटात काचेच्या पेटीत सोडले. नळाचे पाणी दोन दिवस उघडे ठेवून त्यातला क्लोरीन उडवला, उकडलेला पालक खाऊ घातला. मागचे पाय फुटले, मग पुढचे फुटले. नात शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवी. आणि एके सकाळी पाच चिमुकले बेडूक पाण्यावर उलटे तरंगताना दिसले!

चूक माझी होती. बेडूकमासा कल्ल्यांनी श्वास घेतो. पाय येता येता कल्ले जातात, फुप्फुसे कामाला लागतात. मग त्याला पाण्याबाहेर यावेच लागते. आमच्या पेटीत चढून बसायला एक दगडही नव्हता. जन्मभर पाण्यात राहिलेली पिल्ले पाण्यातच बुडाली. "आजोबा, तुम्हाला ठाऊक नव्हतं?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

बेडकाची किंमत उशिरा कळलेला मी एकटाच नव्हे. एके काळी आपल्या भातशेतांतले बेडूक पकडून त्यांच्या तंगड्या परदेशी धाडत. पिकावरचे किडे फस्त करणारा हा राखणदार जाऊ देऊ नका, असे मुंबईचे निसर्ग-अभ्यासक हुमायून अब्दुलअली सांगत राहिले. अखेर १९८७ साली ती निर्यात बंद झाली.

आम्ही पेटी माळ्यावर टाकली आणि मागल्या अंगणात हातभर खोल तळे केले. एक बाजू उतरती, काठाला दगड, वर अळूची सावली. बेडूक मात्र एकही आणला नाही. बेडूक कातडीवाटे पाणी शोषतो, पाण्यातले विषही. म्हणून तिकडे फिनेल, साबण, कीटकनाशक बंद.

"आणि डासांचं काय?" हिने विचारले, ते रास्तच. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा दर रविवारी गाळणीने अळ्या काढणे माझ्याकडे. ते काम बेडकांवर सोपवू नये.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री 'डरांव डरांव' ऐकू आले. नात बॅटरी घेऊन धावली. मला वाटले, आता ही बरणी मागणार. तिने बरणी मागितली नाही. वाकून काठचा दगड नीट बसला आहे ना, तेवढे हाताने हलवून पाहिले.