मुंबईबरोबर आंदण गेलेलं बंदर

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. पण त्याच लग्नात, त्याच करारात आणखी एक बंदर दिलं गेलं होतं आणि त्या काळी मानाचं पान त्याचं होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. 23 जून 1661 च्या करारानुसार पोर्तुगालच्या राजकन्येचं, ब्रगांझाच्या कॅथरीनचं, लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं. वरपक्षाला वीस लाख क्रुझादो, उत्तर आफ्रिकेच्या टोकावरचं टँजिअर आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचं मुंबई बेट द्यायचं ठरलं. मुंबईचा नंबर अकराव्या कलमात लागला. लंडनच्या दरबाराला खरा आनंद झाला तो टँजिअरचा. भूमध्य समुद्राची किल्लीच हाती आली, असं तिथल्या मुत्सद्द्यांना वाटलं. मुंबई ब्राझीलजवळ कुठेतरी असावी अशी त्यांची समजूत होती, हा किस्सा इतिहासकार आजही चवीनं सांगतात.

मोरोक्कोतलं हे टँजिअर, तिथल्या लोकांचं तंजा, पाहायचं तर फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ निवडावा. उन्हाळ्यात युरोपातून सुटीवर घरी येणाऱ्या मोरोक्कन कुटुंबांच्या गाड्यांनी फेरीबोटी भरलेल्या असतात. वसंताच्या तोंडावर शहर स्वतःचं असतं. पाऊस पुरता सरलेला नसतो, स्पार्तेल भूशिराकडच्या टेकड्या हिरव्यागार असतात आणि वाटेवर मिमोसाची पिवळी झाडं फुललेली दिसतात. करकोचे याच दिवसांत सामुद्रधुनी ओलांडून युरोपकडे निघतात. सर्वांत अरुंद जागी समुद्र जेमतेम 14 किलोमीटर आहे, त्यामुळे पलीकडचा स्पेन नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्रास एकच, पूर्वेकडून येणारा ‘शर्की’ वारा. तो सुटला की स्पेनमधल्या तारिफाची बोट रद्द होते आणि प्रवासी धक्क्यावर ताटकळत बसतात. सध्या काही वर्षं रमजानही याच मोसमात येतो. तेव्हा दिवसा चहाची दुकानं बंद आणि सूर्यास्तानंतर रस्ते तुडुंब, हे गृहीत धरूनच बेत आखावा.

पावसाला कंटाळू नये. चित्रकार मातिस 1912 च्या जानेवारीअखेर इथे उतरला आणि पुढचे कित्येक दिवस पावसानं त्याला हॉटेलच्या खोलीतच डांबून ठेवलं. उजेडाच्या शोधात आलेल्या माणसानं मग खोलीतल्या फुलदाणीतली आयरिसची फुलं रंगवली. पाऊस थांबल्यावर बाहेर पडला तर सगळीकडे ओली हिरवळ. त्या हिरव्या रंगानं त्याची चित्रं भरून गेली.

कसब्यात, म्हणजे बालेकिल्ल्यात, चढून जाताना ‘यॉर्क कॅसल’ नावाचे बुरूज लागतात. आफ्रिकेच्या भिंतीला यॉर्कचं नाव कसं, याचं उत्तर त्या आंदणात आहे. राजाचा धाकटा भाऊ जेम्स हा यॉर्कचा ड्यूक होता. 1662 च्या जानेवारीत इंग्रज इथे उतरले तेव्हा पोर्तुगीज रहिवासी दारं-खिडक्या उचकटून बरोबर घेऊन गेले होते. उघड्या घरांत सैन्य राहायला आलं. बंदराला आडोसा नव्हता म्हणून समुद्रात दगडी लाटरोधक धक्का बांधायचं ठरलं. त्या काळच्या इंग्रजांचं हे सर्वांत मोठं सागरी बांधकाम. यॉर्कशायरच्या सर ह्यू चमलीनं 1663 मध्ये ठेका घेतला, गावाकडचे मजूर आणले आणि खाणीजवळच्या त्यांच्या वस्तीला आपल्या गावाचं, व्हिटबीचं, नाव दिलं. दरवर्षी हिवाळी वादळं भिंतीचा तुकडा गिळत. पुढे हेन्री शीअर्सनं जिनोआची पद्धत आणली. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या अवाढव्य लाकडी पेट्या तरंगत नेऊन जागेवर बुडवायच्या आणि दगडचुन्यानं भरायच्या. भिंत चारशे यार्डांच्या पुढे गेली आणि पैसा पाण्यासारखा गेला.

भिंत समुद्राशी झुंजत होती, पण खरी अडचण जमिनीच्या बाजूला होती. तटाबाहेरचा मुलूख मोरोक्कन सरदारांचा. घोड्यांसाठी गवत कापायचं तरी लढाई. 1664 च्या मे महिन्यात खुद्द गव्हर्नर, टेव्हिअटचा अर्ल, झाडी तोडायला फौज घेऊन बाहेर पडला आणि छाप्यात चारशेहून अधिक माणसांसह मारला गेला. ज्या बंदराच्या पाठीमागे बाजारपेठ नाही, त्याला समुद्राच्या बाजूनं कितीही दगड लावले तरी ते तटबंदीतलं लष्करी ठाणंच राहतं. माल यायचा कुठून आणि जायचा कुठे?

या सगळ्याचा हिशेब सॅम्युअल पीप्सकडे होता. रोजनिशीमुळे अजरामर झालेला हा नौदलाचा कारकून 1665 पासून टँजिअर समितीचा खजिनदार होता. रसद पुरवण्याच्या ठेक्यांतून त्यानं स्वतःचंही भलं करून घेतलं आणि ते रोजनिशीत नोंदवूनही ठेवलं. असा प्रामाणिक लाचखाऊ विरळा! टँजिअरवर वर्षाकाठी 50 हजार पौंडांहून अधिक खर्च होत असे. जवळपास तेवढीच, 50 हजार पौंडांची, रक्कम ईस्ट इंडिया कंपनीनं 1668 च्या सुमारास राजाला कर्जाऊ दिली आणि त्याच वर्षी मुंबई कंपनीच्या हवाली झाली. भाडं वर्षाला 10 पौंड, सोन्यात.

मुंबईचा ताबा घेण्याची कथा काही कमी केविलवाणी नाही. राजानं पाठवलेला अब्राहम शिपमन चारेकशे सैनिक घेऊन आला, तर गोव्याच्या व्हाइसरॉयनं कागदपत्रांवर शंका काढून ताबा नाकारला. बिचारा कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिला आणि 1664 मध्ये तिथेच वारला. त्याच्याबरोबरची बहुतेक माणसंही तापानं गेली. त्याचा सचिव हम्फ्री कुक यानं 18 फेब्रुवारी 1665 रोजी ताबा घेतला तेव्हा मोजकेच जिवंत होते. पण कंपनी व्यापाऱ्यांची होती. तिचा गव्हर्नर जेरल्ड आँजिअर यानं वाणी, पारशी, आर्मेनियन यांना बोलावून घेतलं. दीवच्या नीमा पारेख या व्यापाऱ्याला धर्माचरणाच्या मोकळिकीची लेखी हमी मिळाली. धक्क्याआधी माणसं आली.

तिकडे इंग्लंडच्या संसदेला संशय की टँजिअरची फौज राजाचा कॅथलिक भाऊ वापरेल, म्हणून पैसे बंद. 1680 मध्ये सुलतान मुले इस्माइलच्या फौजेनं वेढा आवळला. 1683 च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड डार्टमथच्या ताफ्याबरोबर पीप्स टँजिअरला निघाला. कामगिरी गुप्त होती. गाव रिकामं करायचं आणि सगळं पाडायचं. पीप्स घराघरांच्या मालकी हक्काची कागदपत्रं तपासून नुकसानभरपाई ठरवत बसला आणि धक्क्याला सुरुंग लागले. इतकी वर्षं लाटा जिला खात होत्या, ती भिंत आता माणसांच्या हातून लवकर फुटेना. पाडायला महिने लागले. 1684 च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं गलबत निघालं. आज आपण तिथे ज्या मोसमात जातो, तोच मोसम.

कसब्यातला दार अल-मखझन हा राजवाडा, आताचं संग्रहालय, इंग्रजांच्या वरच्या किल्ल्याच्या जागी उभा राहिला. जुन्या गावातल्या मोठ्या मशिदीच्या जागी पोर्तुगीजांचं चर्च होतं. पुढची दोन शतकं झटपट ओलांडायला हरकत नाही. 1923 च्या करारानं टँजिअर आंतरराष्ट्रीय क्षेत्र झालं. अनेक देशांचा कारभार, अनेक चलनं, तस्कर, हेर आणि लेखक यांची जत्रा 1956 पर्यंत चालली. पर्यटकांना विकला जातो तो हाच काळ. मला तो जरा जास्तच विकलेला वाटतो.

मराठी वाचकानं त्यापेक्षा जुन्या गावातल्या अरुंद चढावर, इब्न बतूताची म्हणून दाखवली जाणारी कबर पाहावी. इथेच 1304 च्या फेब्रुवारीत जन्मलेला हा माणूस 21 व्या वर्षी हजला निघाला आणि महंमद तुघलकाच्या दिल्लीत काझी झाला. चीनकडे वकील म्हणून जाताना तो दौलताबादला थांबला. तिथल्या अंधारकोठडीतल्या मांजरांहून मोठ्या उंदरांचं वर्णन त्यानं केलं आहे. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तो लिहितो, की ते कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, भात-भाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी अंघोळ करतात आणि दारू पीत नाहीत. चौदाव्या शतकातल्या खानदेशच्या जेवणाची अशी नोंद टँजिअरच्या माणसाकडून मिळावी, ही गंमतच. 1349 मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा त्याची आई प्लेगनं काही महिन्यांपूर्वीच वारली होती.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर ‘कालिंते’ चुकवू नये. बेसन, पाणी, तेल, अंडं यांचं सैल मिश्रण मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजतात. वरून तपकिरी साय धरते, आत लुसलुशीत राहतं. गाडीवाला उलथन्यानं चौकोन कापून कागदावर ठेवतो, जिरेपूड आणि तिखट भुरभुरतो. आपल्या पाटवडीची आठवण येते, फक्त फोडणी नाही. समोरच्या जिब्राल्टरात हाच पदार्थ ‘कालेंतीता’ म्हणून मिरवतो. गार पावसाळी सकाळी मात्र बिसारा घ्यावा. सुक्या बाकल्याच्या डाळीचं हे दाट सूप, त्यावर ऑलिव्हच्या तेलाचा तवंग. गुरुवारी-रविवारी सेंट अँड्र्यूज चर्चच्या कडेला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वस्त्रं आणि गोंडे लावलेल्या रुंद टोप्या घातलेल्या जबाला जमातीच्या बायका डोंगरातून ताजं चीज आणि भाज्या आणून बसतात. चीज ताडाच्या पानात गुंडाळलेलं असतं. पाठीमागचा जो मुलूख इंग्रजांना 22 वर्षांत वश झाला नाही, तो आठवड्यातून दोनदा आपल्या पायांनी बाजारात येतो.

बंदर मात्र आता शहरात उरलेलं नाही. पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर 2007 मध्ये टँजिअर मेड सुरू झालं. 2024 मध्ये तिथे 20 फुटी मापात एक कोटीहून अधिक कंटेनरांची उलाढाल झाली. जुन्या बंदरात तारिफाची बोट, मासेमारी, क्रूझ आणि शौकिनांच्या होड्या. आंदणातल्या दोन्ही बहिणींची वाट इथे पुन्हा एक झाली, कारण मुंबईचाही कंटेनर 1989 पासून खाडीपलीकडे न्हावाशेव्याला गेला. फरक एवढाच, की टँजिअरनं मालवाहतूक हलवल्यावर काही वर्षांतच जुना किनारा चालायला, बसायला लोकांसाठी खुला केला. माझगाव ते वडाळा ही आपली पूर्व किनारपट्टी अजूनही भिंती, गोदामं आणि आराखड्यांच्या मागेच आहे.