यंत्रातला जागल्या

रात्री दोन वाजता कोणी घरबसल्या आगगाडीचे तिकीट काढू लागतो, तेव्हा त्याची मागणी सर्व्हर म्हणविणाऱ्या दूरच्या संगणकाकडे जाते. तेथे अनेक कामे अहोरात्र चालू असतात. त्यांना प्रक्रिया म्हणतात. त्यांतील एखादी महत्त्वाची प्रक्रिया अकस्मात बंद पडली, तर सारा व्यवहार थांबतो. अशा वेळी झोपलेल्या माणसाला शोधीत बसण्यापेक्षा यंत्रातच जागल्या नेमलेला बरा.

पुष्कळ सर्व्हर लिनक्सवर चालतात. त्यांवर २०१० साली अवतरलेली ‘सिस्टिम-डी’ ही व्यवस्था हे काम करते. तशी आज्ञा दिलेली असल्यास कोसळलेली प्रक्रिया ती क्षणार्धात पुन्हा उभी करते. परंतु जिवंत दिसणारी प्रक्रिया काम करीत असेलच असे नाही. ती आतल्या आत अडकून पडलेली असू शकते. म्हणून तिने ठराविक वेळाने ‘ओ’ द्यावी, असाही नियम घालता येतो. ओ आली नाही, की जागल्या तिला थांबवून नव्याने सुरू करतो.

तथापि या उठविण्यालाही मर्यादा हवी. मूळ दोष कायम असेल, तर प्रक्रिया उठेल आणि पुन्हा पडेल. म्हणून निराळे सांगितले नसल्यास, १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही न टिकणाऱ्या प्रक्रियेचा नाद सिस्टिम-डी सोडून देते. मग माणसालाच जागे करावे लागते.

खरा धोका याहून सूक्ष्म आहे. रात्री तीनदा पडून तीनदा उठलेली प्रक्रिया सकाळी निरोगी दिसते. पडल्याची खूण नोंदवहीत तेवढी उरते. ती नोंद कोणी वाचलीच नाही, तर जागल्याची दक्षता दोष झाकण्याच्याच कामी येते.