खुणेची बाजू आणि बिस्किटाचा सांधा

दोन फळ्या कडेला कड लावून जोडल्यावर डोळे मिटून त्यांच्यावरून बोट फिरवावे आणि एक फळी कोठे संपली व दुसरी कोठे सुरू झाली याचा पत्ता बोटाला लागू नये, ही सुतारकीतील फार जुनी कसोटी आहे. रंधा आणि पटाशी यांच्या साहाय्याने हे साधण्यासाठी पूर्वी उमेदवारीची वर्षे खर्ची पडत. तेच आता हातात धरून चालवायच्या बिस्किट जॉइनर नावाच्या विजेच्या यंत्राने पहिल्या दिवशी साधेल, अशा भरवशावर पुष्कळ हौशी माणसे आणि काही कसलेले कारागीरही ते विकत घेतात, आणि पहिल्याच मेजाच्या पृष्ठभागावर खटका राहिला की यंत्र सदोष असल्याचा निवाडा देऊन मोकळे होतात. यंत्रात दोष क्वचितच असतो. त्याच्याविषयीच्या समजुतींत मात्र तो पुष्कळ वेळा असतो.

हे यंत्र कशासाठी जन्माला आले, ते आधी पाहिले पाहिजे. स्वित्झर्लंडमधील लीस्टाल येथे १९४४ साली सुतारकामाचा कारखाना काढणाऱ्या हेरमान स्टाइनर यांच्यापुढे पन्नाशीच्या दशकात चिपबोर्ड हे नवे द्रव्य आले. लाकडाचे कण दाबून केलेल्या या तक्त्याला सलग तंतू नसल्यामुळे त्यात परंपरागत कुसू टिकेना, आणि कडेत खिळा ठोकला तर कडच फुटे. दोन्ही तुकड्यांच्या कडांत गोल पात्याने धनुष्याकृती खाच पाडावी आणि त्या दोन खाचांत मिळून एक पातळ, दोन्ही टोकांना निमुळती अशी लाकडी चकती सरसासह बसवावी, ही तजवीज त्यांनी त्यावर शोधून काढली. हातात धरून चालवायचे यंत्र १९६८ साली आले आणि पुढच्याच वर्षी लॅमेलो ही कंपनी स्थापन झाली. ही चकती म्हणजेच बिस्किट. ते बीच लाकूड दाबून केलेले असते, आणि सांध्याच्या रेषेवर चिरू नये म्हणून त्याचे तंतू तिरपे ठेवलेले असतात.

या जन्मकथेचा विसर पडल्यामुळेच, सागवानाच्या दोन फळ्या कडेने जोडताना बिस्किटे जितकी अधिक तितका सांधा बळकट, हा गैरसमज रूढ झाला आहे. वस्तुतः जेथे तंतूंच्या लांबीला समांतर अशा दोन कडा नीट रंधून, सरस लावून, पुरेशा दाबाखाली धरल्या जातात, तेथे उत्तम सरसाचा सांधा खुद्द लाकडाहून मजबूत होतो. तोडू गेल्यास शेजारचे लाकूड आधी फाटते. तेथे बिस्किटाकडे एकच काम उरते, ते म्हणजे क्लॅम्प आवळताना ओल्या सरसावरून फळ्या वरखाली घसरू न देणे. आणि कडाच सरळ नसतील तर बिस्किटांची रांग लावूनही त्या सरळ होत नाहीत. रंध्याचे काम रंध्यानेच करावे लागते.

परंतु ज्या समजुतीने सर्वांत अधिक लाकूड नाहक वाया जाते, ती म्हणजे खाच फळीच्या जाडीच्या बरोबर मध्यावर पडली पाहिजे ही. बाजारात अठरा मिलिमीटर म्हणून मिळणारा प्लायवूडचा तक्ता मोजून पाहावा. तो पुष्कळदा त्याहून थोडा कमी भरतो. समजा, एक तुकडा १८ मिलिमीटरचा आहे आणि दुसरा १७.४ चा. पहिल्याचा मध्य ९ वर येईल, दुसऱ्याचा ८.७ वर, दोन्ही खाचा अत्यंत दक्षतेने मध्यावर पाडल्या तरी जोडल्यावर दोन्ही पृष्ठांवर ०.३ मिलिमीटरचा खटका राहील. साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे ही तीन कागदांची जाडी झाली, आणि बोटाला ती लागलीच जाणवते. याउलट प्रत्येक तुकड्याच्या दर्शनी बाजूवर प्रारंभीच पेन्सिलीने खूण करावी आणि प्रत्येक खाच त्याच बाजूपासून ९ मिलिमीटरवर पाडावी, म्हणजे दर्शनी पृष्ठ एकसपाट होते आणि सगळा फरक मागच्या बाजूस जातो. यंत्राला मध्य ठाऊक नसतो. ते ज्या पृष्ठावर टेकवले त्या पृष्ठापासूनचे अंतर तेवढे ते इमानाने पुन्हा पुन्हा उतरवते. मी पहिले मेज केले तेव्हा सहा फळ्यांपैकी दोन उलट्या धरून खाचा पाडल्या होत्या, आणि वाळलेला सांधा रंध्याने उतरवण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून खुणेवाचून मी यंत्र सुरू करीत नाही.

अर्थात खूण केली तरी यंत्र त्या पृष्ठावर खरोखर टेकले पाहिजे, आणि नेमकी येथेच चूक होते. मोटारीचा भार मागे असल्यामुळे मागच्या हाताने जोर लावताच पुढची आधारपट्टी किंचित उचलते. एक अंश जरी कलली तरी १२ मिलिमीटर खोलीच्या तळाशी खाच ०.२ मिलिमीटरने सरकते. म्हणून पुढच्या हाताने पट्टी खाली दाबून धरावी आणि मागच्या हाताने यंत्र फक्त पुढे ढकलावे, तेही सावकाश. घाईने ढकलले की पाते लाकडाला धरते आणि यंत्र बाजूला ओढले जाते. पट्टीखाली भुशाचा एक कण राहिला तरी परिणाम तोच, तेव्हा प्रत्येक खाचेनंतर ब्रश फिरवण्याचा आळस करू नये. अरुंद कडेवर यंत्र डळमळते असे वाटले तर फळी दर्शनी बाजू खाली करून सपाट ओट्यावर क्लॅम्पने बसवावी आणि यंत्राचा तळही त्याच ओट्यावर टेकवावा. मग दोघांचा आधार एकच होतो. मात्र तो ओटा खरोखर सपाट असला पाहिजे.

लांबीच्या दिशेने खुणा केसभरही चुकू नयेत, ही धास्ती मात्र निराधार आहे. १०० मिलिमीटर व्यासाचे पाते १२ मिलिमीटर खोल गेले की खाचेचे तोंड सुमारे ६५ मिलिमीटर लांब होते, आणि वीस नंबरचे बिस्किट असते ५६ मिलिमीटरचे. सरस ओला असेपर्यंत फळ्या थोड्या पुढेमागे सरकवता येतात. पण याचाच अर्थ असा की टोके जुळवण्याची हमी बिस्किट देत नाही. ती गुण्या लावून कारागिरानेच घ्यायची. आणि फळीचे टोक पुढे कापायचे असेल तर बिस्किट त्या रेषेपासून दूर ठेवावे, नाहीतर कापलेल्या टोकावर ते उघडे पडते.

बिस्किट फुगून खाचेत घट्ट बसते हे खरे, पण ते पाणी असलेल्या सरसाने. आपल्याकडे ज्याला सरसकट फेव्हिकॉल म्हणतात, तो पांढरा पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा सरस त्या जातीचा. एपॉक्सीत पाणी नसल्यामुळे तेथे ही अपेक्षा ठेवू नये. हवेतील दमटपणाही तेच काम करतो, फक्त अवेळी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघड्या पिशवीत राहिलेली बिस्किटे महिन्याभरात इतकी फुगतात की खाचेत शिरतच नाहीत, आणि कारागीर पाते झिजले असे समजून पाते बदलतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ती राहिली तर हा प्रसंग येत नाही.

शेवटचा गैरसमज घाईतून उपजलेला आहे. सरस काही तासांत धरतो, म्हणून संध्याकाळी जोडलेली फळी सकाळी काचकागदाने घासायला कित्येक जण बसतात. सरसातील पाणी त्या वेळी बिस्किटात आणि खाचेभोवतीच्या लाकडात मुरलेले असते. त्या ठिकाणी लाकूड किंचित फुगून वर आलेले असते आणि घासताना ते बरोबर सपाट होते. पुढे पाणी उडाले, लाकूड बसले, की प्रत्येक बिस्किटावर एक उथळ खळगा उमटतो. तो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पॉलिशचा हात चढून खिडकीतला तिरपा प्रकाश फळीवर पडला की रांगेने दिसू लागतो. खाच पृष्ठाच्या फार जवळ असेल तर तो अधिकच ठळक दिसतो. क्लॅम्प काढल्यावर फळी दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी चार-पाच दिवस, पावसाळ्यात आठवडाभर, भिंतीला उभी ठेवावी आणि मगच तिला काचकागद लावावा.