पोपट, पाळीव : स्थलांतरकाळातील तात्पुरता निवारा

कुटुंब एक घर सोडून दुसऱ्या घरी राहावयास जाते, त्या काळात घरातील पाळीव पोपटाची काही दिवस वा आठवडे अन्यत्र केलेली सोय. सामानाची बांधाबांध, नव्या घराची रंगरंगोटी, भाडेकराराच्या तारखांत पडणारे अंतर किंवा परगावी झालेली बदली या कारणांनी अशी सोय करावी लागते. पोपट हा समूहप्रिय, दीर्घायुषी आणि परिसरातील बदलाने लवकर अस्वस्थ होणारा पक्षी असल्यामुळे हा काळ त्याच्या आरोग्याच्या दृष्टीने जोखमीचा असतो. शिवाय भारतात देशी पोपट आणि परदेशी पोपट यांना लागू असणारे कायदे भिन्न असल्याने निवाऱ्याचा विचार पक्ष्याच्या जातीपासूनच सुरू करावा लागतो [⟶ पोपट].

पार्श्वभूमी : पोपट पाळण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे. कामसूत्रात सांगितलेल्या चौसष्ट कलांत पोपट व मैना यांना बोलावयास शिकविण्याची कला समाविष्ट आहे. शुकसप्तति  या संस्कृत कथासंग्रहाची सर्व रचना, धनी परगावी गेला असता घरी राहिलेल्या पोपटाने सांगितलेल्या सत्तर कथांवर उभी आहे. महाराष्ट्रात राघू, रावा, कीर व मिठू या नावांनी ओळखला जाणारा हा पक्षी वाड्यांच्या ओसरीवर आणि पुढे चाळींच्या गॅलऱ्यांत टांगलेल्या पिंजऱ्यांतून दिसत असे. त्या काळी घरे पिढ्यान्‌पिढ्या तीच राहत आणि घरचे कोणी बाहेर गेले, तरी पोपटाजवळ दुसरे कोणी असे.

औद्योगिक नगरांत ही परिस्थिती पालटली. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांचे रूप झपाट्याने बदलले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण व १९८२ मध्ये महानगरपालिका असे टप्पे ओलांडीत हे नगर वाढले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सु. १७·२७ लाख होती. पुढे मोटारनिर्मितीचे मोठे कारखाने खेड तालुक्यातील चाकण परिसरात उभे राहिले आणि मोशी, चिखली, चाकण या बाजूंना नव्या वसाहती झाल्या. कामगार व तंत्रज्ञ यांची वस्ती मोठ्या प्रमाणावर बाहेरून आलेली, घरे पुष्कळदा अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेली आणि कामाचे ठिकाण बदलणारे, त्यामुळे येथील अनेक कुटुंबांना थोड्या थोड्या वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते. पोपटाचे आयुष्य मात्र जातीपरत्वे वीस-तीस वर्षे वा त्याहूनही अधिक असते. एकाच पक्ष्याच्या वाट्याला अशी अनेक स्थलांतरे येऊ शकतात.

पक्ष्याचा स्वभाव व शरीररचना : रानात पोपट थव्याने राहतात, परस्परांना आवाजाने साद घालतात आणि रात्री ठराविक झाडांवर एकत्र वस्तीला येतात. घरातील एकटा पोपट घरातील माणसांनाच आपला थवा मानतो. ओळखीचे आवाज एकदम नाहीसे झाले की, तो सतत ओरडणे, मुका राहणे, अन्न टाकणे किंवा स्वतःची पिसे उपटणे अशी लक्षणे दाखवितो. पिसे उपटण्याची सवय एकदा जडली की, मूळ कारण दूर झाल्यावरही ती सुटणे कठीण असते.

पक्ष्यांच्या श्वसनसंस्थेत फुप्फुसांना वायुकोश जोडलेले असतात आणि हवा फुप्फुसांतून जवळजवळ अखंड एकाच दिशेने वाहते. या रचनेमुळे प्राणवायू कार्यक्षमतेने शोषला जातो. पण हवेतील विषारी द्रव्येही तितक्याच वेगाने रक्तात मिसळतात. ताजा तैलरंग, वॉर्निश, वाळवी व झुरळे यांवरील फवारणी, डासांची उदबत्ती आणि धुपाचा दाट धूर यांचा पोपटास त्रास होतो. अन्न न चिकटणारा लेपित तवा फार तापल्यास त्यातून निघणारी वाफ माणसास जाणवतही नाही, पण बंद घरातील पोपट तीमुळे काही मिनिटांत मरू शकतो. नुकतेच रंगविलेले घर माणसास राहण्याजोगे वाटते, त्या वेळी ते पक्ष्यासाठी सुरक्षित असेलच असे नाही. तात्पुरत्या निवाऱ्याची गरज पुष्कळदा याच कारणाने निर्माण होते.

कायद्याची बाजू : भारतात आढळणाऱ्या पोपटांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. १९९०–९१ पासून देशी वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. गळ्याभोवती काळे-गुलाबी वलय असणारा सामान्य पोपट (सिटॅक्युला क्रामेरी), आकाराने मोठा व खांद्यावर तांबडा डाग असणारा पहाडी पोपट (सि. यूपॅट्रिया) आणि नराचे डोके जांभळट असणारा तुईया पोपट (सि. सायनोसेफाला) हे पिंजऱ्यांत नेहमी दिसणारे पक्षी संरक्षित आहेत. अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तिच्यानुसार हे पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणे, विकणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पक्षी बाजारातून विकत घेतला, भेट म्हणून आला किंवा अनेक वर्षे प्रेमाने वाढविला, या कारणांनी तो कायदेशीर ठरत नाही.

परदेशी पोपट पाळण्यास अशी सरसकट मनाई नाही. मात्र धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारात (साइट्स) समाविष्ट जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाली आहे. ती केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संगणकीय प्रणालीवर करावी लागते. आफ्रिकेतील करडा पोपट (सिटॅकस एरिथॅकस), दक्षिण अमेरिकेतील मकाव व सूर्य कोन्यूर हे पक्षी या वर्गात येतात. करडा पोपट २०१७ पासून कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. ऑस्ट्रेलियातील बजरीगार व कॉकाटील या जाती कराराच्या परिशिष्टांत नसल्याने त्यांना ही नोंदणी लागत नाही. नोंदणीकृत पक्षी काही काळ दुसऱ्याकडे ठेवावयाचा असल्यास प्रमाणपत्राची प्रत त्या व्यक्तीजवळ असावी. पक्षी कोणताही असो, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार त्याला हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे.

निवाऱ्याची निवड : पक्ष्याला आधीपासून ओळखणाऱ्या नातेवाइकाचे किंवा शेजाऱ्याचे घर सर्वांत चांगले. स्थलांतरापूर्वी काही दिवस त्या व्यक्तीने मूळ घरी येऊन पक्ष्यास आपल्या हातून खाऊ घातल्यास ओळख पक्की होते. अशी सोय नसल्यास पक्ष्यांचे उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे किंवा पाळीव प्राणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेत पक्षी ठेवतात. तेथे इतर पक्षी असल्यास खोली स्वतंत्र आहे काय, हे प्रथम पाहावे. पोपटांमध्ये चोच व पिसे यांचा विषाणुजन्य रोग आणि शुकरोग (सिटॅकोसिस) हे रोग संसर्गाने पसरतात. शुकरोगाचे जंतू वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसासही बाधा करतात. म्हणून यजमानाच्या घरी गर्भवती, वृद्ध किंवा दुर्बल व्यक्ती असल्यास विशेष दक्षता घ्यावी लागते. नवा पक्षी इतर पक्ष्यांपासून ३० ते ४५ दिवस वेगळा ठेवण्याचा प्रघात आहे.

पक्ष्यासोबत त्याचा नेहमीचा पिंजरा, दांड्या, वाट्या व झाकण्याचे कापड पाठवावे. नव्या जागी जुन्या वस्तू असल्या की भीती कमी होते. पिंजऱ्यात पक्ष्यास दोन्ही पंख पूर्ण पसरून वळता आले पाहिजे. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीस लागून असावी. स्वयंपाकघर, दुपारचे थेट ऊन, वातानुकूलन यंत्राचा झोत आणि मांजराचा वावर टाळावा. रात्री दहा ते बारा तास काळोख व शांतता मिळावी. पक्षी पिंजऱ्याबाहेर असताना छताचा पंखा बंद आणि खिडक्या लावलेल्या असणे अत्यावश्यक असते.

आहार पूर्वीचाच ठेवावा. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांत अ जीवनसत्त्वाची उणीव असते; म्हणून गाजर, पालेभाजी, मक्याचे कणीस, पेरू, मोड आलेली कडधान्ये व हिरवी मिरची यांची जोड देतात. चॉकलेट, चहा, कॉफी, मद्य व ॲव्होकॅडो ही पोपटास विषारी असून खारट फरसाणही अपायकारक आहे. पक्षी आजार लपवितो. त्यामुळे स्वयंपाकघरातील काट्यावर रोज सकाळी केलेले वजन हा विश्वसनीय निर्देशक ठरतो. वजन दहा टक्क्यांनी घटल्यास, पिसे फुलवून पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी बसल्यास किंवा श्वासागणिक शेपटी हलू लागल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावे.

प्रवास : पिंपरी ते चाकण हे अंतर थोडे असले, तरी पुणे–नाशिक महामार्गावरील वाहनांच्या कोंडीमुळे प्रवासास बराच वेळ लागू शकतो. पक्षी सामानाच्या टेंपोतून न पाठविता माणसांबरोबर, लहान व पक्क्या कडीच्या पिंजऱ्यातून न्यावा. पिंजऱ्याच्या तीन बाजू पातळ कापडाने झाकाव्यात. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून धापा टाकणे हाच उष्णता कमी करण्याचा त्यांचा मुख्य उपाय असतो. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे शाळांच्या सुटीमुळे घरे बदलण्याच्या हंगामातच, या भागात कडक ऊन असते. त्या दिवसांत प्रवास पहाटे करावा आणि उभ्या, बंद मोटारीत पक्षी क्षणभरही ठेवू नये. सामान हलविण्याच्या दिवशी दारे सतत उघडी राहतात व पक्षी उडून जाण्याचे प्रकार त्या दिवशीच अधिक घडतात. म्हणून त्याला आदल्या दिवशीच हलविणे श्रेयस्कर. पायातील कड्याचा क्रमांक व अलीकडचे छायाचित्र जवळ असावे.

नव्या घरी रंगाचा वास पूर्ण गेल्यावर पक्षी आणावा. प्रथम एकाच खोलीत, घरच्या माणसांच्या नजरेत ठेवून पूर्वीच्याच वेळांना खाणे, बोलणे व झोप सुरू करावी. बहुतेक पक्षी काही दिवसांत रुळतात. पण काहींना कित्येक आठवडे लागतात.

देशी पोपटाचा प्रश्न : वरील व्यवस्था कायदेशीरपणे पाळलेल्या पक्ष्यांपुरती आहे. पिंजऱ्यात देशी पोपट असल्यास त्याला शेजाऱ्याकडे ठेवणे म्हणजे त्या शेजाऱ्यासही गुन्ह्यात ओढणे होय. नवे घर लहान आहे किंवा घरमालकाची हरकत आहे, म्हणून निघताना पिंजऱ्याचे दार उघडून पक्षी सोडून देणे पुष्कळांना पुण्यप्रद वाटते. प्रत्यक्षात ते बहुधा पक्ष्याच्या मृत्यूस कारण होते. पिलू असतानाच ढोलीतून काढलेल्या पोपटास अन्न शोधणे, घार, कावळा व मांजर यांना ओळखणे आणि थव्यात मिसळणे माहीत नसते. पिंजऱ्यात वर्षे गेल्याने त्याचे उडण्याचे स्नायूही दुर्बल झालेले असतात. माणसांची भीती नसल्यामुळे तो पुन्हा पकडला जातो.

असा पक्षी वनविभागाच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग होय. पिंपरी-चिंचवड परिसर पुणे वनविभागात, तर चाकण व खेड तालुका जुन्नर वनविभागात मोडतो. राज्य वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे आणि पुणे शहरालगत बावधन येथे वन्यप्राण्यांसाठी संक्रमण उपचार केंद्र आहे. अशा केंद्रांत पक्ष्याची तपासणी करून त्याला संसर्गमुक्त काळापुरते वेगळे ठेवतात, नंतर मोठ्या जाळीघरात इतर पोपटांबरोबर उडण्याचा सराव देतात आणि समर्थ झाल्यावर योग्य अधिवासात सोडतात. पंख कायमचे निकामी झालेले किंवा माणसावर पूर्णतः विसंबणारे पक्षी मात्र सोडता येत नाहीत. त्यांचा उर्वरित सांभाळ करावा लागतो. घरात वाढलेल्या पक्ष्याचा वियोग कुटुंबास, विशेषतः मुलांस, जड जातो, यात शंका नाही. तथापि देशी पोपटाच्या बाबतीत तात्पुरता निवारा म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यामधील मुक्काम नसून पिंजऱ्यातून रानात परतण्यामधील मुक्काम होय.