सूक्ष्मदर्शकाचे भिंग आणि आठ तासांचा दिवस

मित्रहो, मी शास्त्रज्ञ नव्हे. यंत्रमाग कामगारांत काम करता करता जे वाचले आणि जाणत्यांना विचारले, तेवढेच माझे शिक्षण. सूक्ष्मदर्शकाशी माझी गाठ पडली ती एका विणकराच्या खोकल्यामुळे. ‘सुताची धूळ, दुसरे काय!’ असे म्हणून सर्वांनी, मीदेखील, तो खोकला अंगावर काढू दिला. अखेर थुंकी तपासली, तेव्हा क्षयाचे जंतू निघाले. प्रयोगशाळेतील बाईंनी मला यंत्रातून पाहू दिले. निळ्या भूमीवर चार बारीक लाल काड्या! त्या दिसतात कशा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपला समज असा, की भिंग जितके मोठे करून दाखवील तितके बारीक दिसेल. वर्तमानपत्रातील छायाचित्रावर भिंग धरून पाहा. चेहरा अधिक स्पष्ट होत नाही. छपाईचे ठिपके तेवढे मोठे होतात. खरा प्रश्न जवळचे दोन बिंदू निरनिराळे दिसण्याचा आहे. त्याला मर्यादा आहे, हे जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली मांडले. समुद्राची लाट जहाजापाशी अडते. पण पाण्यात रोवलेल्या काठीची तिला दादही नसते. प्रकाशाच्याही लहरीच असतात. लहरीच्या लांबीच्या सुमारे निम्म्याहून बारीक तपशील साध्या सूक्ष्मदर्शकात वेगळा उमटत नाही. उत्तम भिंगाची ही हद्द सुमारे ०.२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग.

क्षयाचा जंतू २ ते ४ मायक्रॉन लांब. जाडी मात्र जवळजवळ या हद्दीवर. म्हणून येथे प्रकाश वाया घालवून चालत नाही. काचेतून हवेत येताना किरण वाकतात आणि तिरपे किरण भिंगाबाहेर निसटतात. बारीक तपशील तर तेच आणतात. यास्तव काचपट्टी व भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवतात. तेल प्रकाशाला काचेसारखेच असल्याने ते किरणही भिंगात पोचतात.

तरीही रंगहीन जंतू दिसणार कसा? रॉबर्ट कोख यांनी आबे यांच्या भिंगांची मदत घेतली, जंतू रंगवले आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचे कारण जाहीर केले. एर्लिख, झील व नीलसेन यांनी ती रीत सुधारली. प्रथम लाल रंग देऊन ऊब द्यावयाची, मग आम्लाने धुवावयाचे. इतर सर्व रंग सोडते. या जंतूचे मेणचट कवच सोडत नाही. शेवटी बाकीच्यांना निळा रंग.

परंतु एका मिलिलिटर थुंकीत पाच-दहा हजार जंतू असल्याखेरीज ते या रीतीने सहसा सापडत नाहीत. म्हणून ‘जंतू नाहीत’ हा अहवाल अखेरचा मानू नये. आता जंतूचे जनुकद्रव्य शोधणारी अधिक तीक्ष्ण चाचणी आहे. रंग देताना पेशी सहसा मरतात, तेव्हा जिवंत पेशी रंगाविना दाखवण्याची युक्ती झेर्निके यांनी काढली. १९५३ साली त्यांना नोबेल मिळाले. चकाकणाऱ्या रेणूंच्या साह्याने आबे यांची हद्दही ओलांडली गेली. त्याचे नोबेल २०१४ सालचे.

या आबे यांचे वडील सूतगिरणीत होते. दिवसाला चौदा ते सोळा तास उभे राहून काम; पोरगा दुपारी जेवण घेऊन जाई. पुढे त्साइस कारखान्याची सूत्रे हाती असताना, १९०० साली, याच पोराने तेथे आठ तासांचा दिवस लागू केला.

तेव्हा मित्रहो, खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर धुळीला दोष देत बसू नका; तपासणी करून घ्या. आणि त्या दिवसाची रजा मालक देत नसेल, तर युनियनच्या कचेरीत माझ्याकडे या.